कौलाने मिळालेला गायक

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भावंडं भांडत होतात. तुमच्या आवडत्या बँडचा प्रसिद्ध गायक सोडून गेला, त्याच्या जागी नवा आला, आणि आता तो बँड तोच राहिला की नाही यावर तुमचं एकमत होईना. ताई म्हणाली, आवाजच गेला तर उरलं काय. धाकटा म्हणाला, उलट आता वाद्यं ऐकू येतात. मी मध्ये बोलू लागले तर दोघंही एकदम म्हणालात, "आजी, हे रॉक आहे, तुला नाही कळायचं." भांडण थांबलं, तेवढं बरं झालं. पण मला कळतं. ह्याच विषयावर आमच्या डिचोलीच्या घरात एक अख्खा उन्हाळा भांडण चाललं होतं आणि ते शेवटी देवापर्यंत गेलं. म्हणून नीट, क्रमाने लिहिते. तुमची आई वाचून दाखवील. मधलं काही गाळू नये अशी तिला सूचना.

गोव्याच्या मुक्तीनंतर काही वर्षांनी मी लग्न होऊन डिचोलीला आले. पणजीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि गावच्या हायस्कुलात तोच विषय शिकवू लागले. माझे सासरे, आमचे मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, पोर्तुगीजांच्या वेळी सरकारी कचेरीत होते. मुक्तीनंतरही ते त्याच कचेरीत, त्याच कदेलीवर बसत. खुर्चीला आमच्याकडे कदेल म्हणतात. राज्य बदललं, कदेल बदलली नाही, आणि आपल्यामुळेच दोन्ही राज्यं चालली अशी त्यांची समजूत शेवटपर्यंत कायम होती.

त्यांचा थोरला मुलगा म्हणजे तुमचे आजोबा; धाकटा, माझा दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, माझे भावजी. त्यांचा बँड होता. त्या काळात बीट ग्रुप म्हणत. ग्रुपला इंग्रजी नाव होतं. त्याचा अर्थ चौघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हता, आणि मी सांगितला तेव्हा त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. भावजी गिटार वाजवत. ड्रमवर दोडामार्गचा एक ट्रकवाला होता, दिवसभर खाणीचा माल ओढून संध्याकाळी आमच्या मागीलदारी ड्रम बडवायचा. तो सगळी गाणी रस्त्यांप्रमाणे ओळखायचा. अमुक गाण्यात खड्डे फार, तमुक गाणं घाटाचं. तिसरा वीज खात्यातला कारकून, बेस गिटारवर. पाठदुखीमुळे त्याचा चेहरा कायम गंभीर असे आणि लोकांना तो कलावंताचा चेहरा वाटे.

चौथा गायक. तो प्रसिद्ध होता. प्रसिद्ध म्हणजे डिचोली, पेडणे आणि अर्धा बारदेश. म्हापशाच्या सलूनमध्ये त्याच्यासारखे केस कापून मिळत. पांढरे बूट घालून तो डोळे मिटून इंग्रजी गाणी म्हणे, आणि त्यातले निम्मे शब्द कुठल्याही शब्दकोशात नव्हते. मी एकदा त्याला दोन ओळी दुरुस्त करून दिल्या. तो हसून म्हणाला, "वैनी, कळतात ती गाणी लोक उभ्याने ऐकत नाहीत." गिटारची पाळी आली की तो गप्प राहत नसे. मोठ्याने हुंकार देई, माइक फिरवी, खिशातला कंगवा पुढच्या रांगेत फेकी. कंगव्यासाठी मुलं एकमेकांच्या अंगावर पडत. तेवढ्यात गिटार संपलेली असे.

मग किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलाने त्याला रोजच्या गाण्यासाठी उचललं. तो निरोप घ्यायला आला तेव्हा बूट काढून ओसरीवर चढला, इतका तो त्या दिवशी नम्र होता.

बँडला त्याच वेळी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण होतं. ते त्याच्या नावावर आलेलं. मामंजींनी जेवताना विषय काढला. "खाणीच्या कचेरीत एक जागा आहे. तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितलंय. तो गेला, म्हणजे बँडही गेला."

"गळा त्याचा होता. बँड माझा आहे," भावजी म्हणाले.

"लोकांना विचार कोणाचा ते."

"तुयेला विचारतो. तिथे कार्यक्रम पडला तर सोमवारपासून खाणीत बसेन."

हे ते सगळ्यांसमोर बोलले, आणि आमच्या घरात सगळ्यांसमोर बोललेलं मामंजी विसरत नसत. म्हणजे नवा गायक मिळाला आणि तुयेला टिकला तर गिटार. नाहीतर खनिजाची खातेवही.

नवा गायक कोण, यावर रोज ओसरीवर सभा भरू लागली. म्हापशाचा एक मुलगा हुबेहूब जुन्यासारखा गायचा. केस तसेच, चुकीचे शब्दसुद्धा तेच. कारकुनाला तो हवा होता. धारगळला हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा एक जण होता. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या वरून त्याचा आवाज ऐकू येतो, ही त्याची लायकी ड्रमवाल्याच्या मते पुरेशी होती. भावजींना दोघेही नको होते. त्यांना जुनाच हवा होता, फक्त तो सोडून न गेलेला.

सभा काही संपेना. मामंजींची दुपारची झोप मोडू लागली, तेव्हा त्यांनी निकाल दिला, "कौल लावू."

तुमच्याकडे दोन माणसांचं पटलं नाही तर लोक समुपदेशकाकडे जातात. आमच्याकडे देवाकडे जातात. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, देवाला प्रश्न घालतात आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, डॉक्टरने सांगितलेलं ऑपरेशन करावं की नाही, सगळं आमच्या घराने असंच ठरवलं होतं. माझं स्थळही. माझी पाकळी लवकर पडली, असं सासूबाई मला कौतुकाने सांगत, आणि कधी रागावल्या की वारा होता म्हणून सांगत.

मामंजींनी देवळात जाताना यादीत तिसरं नाव घातलं. आमोण्याचे एक मास्तर. प्राथमिक शाळेत शिकवायचे, पण पंचक्रोशीत त्यांना बुवा म्हणत, कारण सप्ताहाच्या भजनात त्यांच्यासारखं गाणारं कोणी नव्हतं. "दोन मूर्ख आहेत, एक शहाणा असू दे," मामंजी म्हणाले. त्यावर कोणी वाद घातला नाही. बुवा इंग्रजी गाणार नाहीत हे देवालाही ठाऊक असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

देवळात भटजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू आज तुझ्या पायाकडे आलंय. ह्याच्या मंडळीत गाणारा गेला. म्हापशाचो घ्यावो, धारगळचो घ्यावो, काय आमोण्याचो घ्यावो, ज्याचा गळा सगळ्यांत बरा तो ह्याच्या पदरात घाल रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा." मग एकेकासाठी पाकळ्या लागल्या. म्हापशाची डावी पडली. धारगळची डावी पडली. आमोण्याची उजवी पडली, आणि तीही भटजींचा हात मागे येण्याआधी.

परीक्षेत प्रश्न नीट वाचा म्हणून मी वर्गात घसा कोरडा करत होते. देवाने प्रश्न नीट वाचला होता. गळा कोणाचा बरा, एवढंच त्याला विचारलेलं; गाणी कुठली ते कोणी सांगितलंच नव्हतं. भावजी तिथेच उभे होते. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलत नाहीत, म्हणून ते गप्प राहिले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "परत लावूया. इंग्रजीचं सांगायचं राहिलं."

"देवाला काय सांगायचं राहिलं ते देवाला कळतं," मामंजी म्हणाले. "उजवी पडली. आता आमोण्याला जा."

बुवा नाही म्हणतील ही शेवटची आशा होती. पण बुवा स्वतःला कमी लेखणारे नव्हते. देवाने आपल्याला निवडलं याचं त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. इतका उशीर का केला एवढंच वाटलं असावं. "देवाची इच्छा असेल तर इंग्रजीतही गाऊ," ते म्हणाले. "मात्र मला गरम पाणी लागतं. आणि मी बसून गातो. उभ्याने माझा षड्ज लागत नाही."

ते पेटी घेऊन बसने डिचोलीला येऊ लागले. शब्द शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ते शब्द पाठ करायला तयार होते, पण अर्थाशिवाय नाही.

"बाई, हे कोण कोणाला म्हणतं?"

"एक माणूस एका मुलीला म्हणतो. तू गेलीस, आता मला झोप येत नाही."

"कुठे गेली?"

"ते गाण्यात नाही."

"माहेरी?"

"इंग्रजी गाण्यात माहेर नसतं, बुवा."

त्यांनी पेटीवर बोटं ठेवली. "म्हणजे विरहाचं आहे. आणि तो तुमचा पांढरे बूटवाला हे उड्या मारत म्हणायचा?"

मी होय म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि ते गाणं त्यांना योग्य वाटलं तसं म्हटलं. आधी आलाप. मग पहिली ओळ, मग तीच ओळ, मग तीच ओळ वेगळ्या बाजूने. मुलगी कुठे गेली ते त्यांना कळलं नव्हतं आणि ते कळेपर्यंत पुढे जायची त्यांची तयारी नव्हती. जिथे जुना किंचाळायचा तिथे त्यांनी तान घेतली. ती लांबत लांबत गेली, आणि ड्रमवाला मध्येच काठ्या खाली ठेवून म्हणाला, "मास्तरांनू, हय सपाट रस्तो हा. गिअर कित्याक बदलतास?"

"तुम्ही ठेका धरा. रस्ता मी बघतो."

"रस्तो दिसाक तरी व्हयो."

कारकुनाने विचारलं, हे गाणं सकाळपर्यंत संपेल का. बुवांनी त्याच्याकडे न बघता पेटीचा भाता बंद केला आणि गरम पाणी मागितलं. भावजी गिटार मांडीवर घेऊन जनेलाच्या गजांतून बाहेर बघत होते. खाणीच्या कचेरीत पंखा आहे की नाही, याचा विचार करत असावेत.

तुयेला आम्ही सगळे गेलो. मामंजी पहिल्या रांगेत, कार्यक्रमाचे परीक्षक असल्यासारखे. उन्हं उतरत होती. कारखान्याच्या अंगणात पेडण्याचे आणि सीमेपलीकडून सातार्डा-आरोंद्याकडून रोज येणारे कामगार, त्यांच्या बायका, मुलं. एका कोपऱ्यात म्हापशाहून आलेले जुन्याचे भक्त, सगळ्यांचे केस एकसारखे. पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर एक मेज होतं, मेजावर सतरंजी, आणि सतरंजीवर जरीचं उपरणं घेतलेले बुवा मांडी घालून. शेजारी कारकूनही पाठीचं निमित्त करून कदेलीवर बसलेला. ड्रमवाला तर बसलेलाच असतो. एकटे भावजी उभे होते, आणि शोकसभेत उठून भाषण करायला घेतलेल्या माणसासारखे दिसत होते.

बुवांनी आलाप सुरू केला. भक्तांना आधी वाटलं माइक तपासतायत. मग त्यांना कळलं.

"जुनो खंय गेलो रे?"

"मास्तर, आता बेचा पाढो म्हणा."

बुवा वर्गात हे रोज ऐकत असतील. त्यांनी आवाज चढवला नाही, उतरवला नाही. पहिलं गाणं संपलं तेव्हा टाळ्या मामंजींनी वाजवल्या, तेही शिस्त म्हणून. दुसऱ्या गाण्यात भक्तांपैकी काही उठून गेले आणि बाकीचे आणखी वाईट काही होईल या आशेने थांबले. भावजींचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तिसरं ते विरहाचं गाणं. बुवांनी मुखडा म्हटला आणि सवयीने थांबले. भजनात बुवा ओळ सांगतो, मागचे ती उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. मंचावर झील धरणारं कोणी नव्हतं. बुवांनी हात तसाच पुढे ठेवला, कारण ओळ उचलली जाईपर्यंत पुढे जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. क्षणभर अंगणात नुसता कारखान्याच्या पंख्यांचा आवाज. मग आरोंद्याकडच्या कामगारांतून कोणीतरी ती ओळ उचलली. जन्मभर सप्ताहात बसलेली माणसं ती. बुवांचा हात पुढे आला की ओळ उचलायची, एवढंच त्यांना कळत होतं. ती कुठल्या भाषेत आहे हा प्रश्न नव्हता. दुसऱ्या वेळी सगळं अंगण गात होतं. मुलगी गेली, झोप येत नाही, हे बायका, म्हातारे, शिफ्ट संपवून आलेले फिटर, सगळे एका सुरात इंग्रजीतून सांगत होते. माझ्या शाळेत इतके स्पष्ट उच्चार मी कधी ऐकले नव्हते.

कडवं संपलं आणि बुवांनी दुसरी सवय दाखवली. गाणं थांबवून ते भावजींकडे वळले आणि हाताने खूण केली, पेटीवाल्याला करतात तशी, आता तुमचं येऊ द्या. आणि थांबले. हुंकार नाही, कंगवा नाही. मान हलवत ऐकत राहिले.

भावजी गोंधळले. इतकी शांतता त्यांना कधी मिळालीच नव्हती. पहिले दोन सूर चुकले. मग ते मेजाच्या कडेवर बसले, बुवांच्या शेजारी, आणि वाजवू लागले. मी लग्न होऊन आल्यापासून मागीलदारी ती गिटार ऐकत होते आणि मला वाटत होतं ती मी ऐकली आहे. बुवांनी तिच्यातली एक जागा उचलून गळ्यातून परत दिली, भावजींनी ती पुढे नेली, ड्रमवाल्याने कसा कोण जाणे पण भजनी ठेका धरला, आणि पुढच्या रांगेत मामंजी मांडीवर ताल देऊ लागले. चुकीचा, पण देत होते.

कारखान्याचे मॅनेजर बाहेरचे होते. माझ्याकडे वाकून त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे फ्यूजन आहे का. मी म्हटलं, "नाही, हा कौल आहे." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

घरी परतताना कार्यक्रम पडला की नाही यावर जीपमध्ये वाद झाला. मामंजी म्हणाले, "पडला म्हणता येणार नाही. उभा राहिला असंही म्हणता येणार नाही, सगळे बसलेच होते. चवथीपर्यंत बघू. गणपती गेले की काय ते पक्कं सांग." दुसऱ्या दिवशी भावजी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "वैनी, ते मधलं मी वाजवलं, ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"बरं होतं?"

"पहिल्या दोन सुरांनंतर."

म्हापशाच्या सलूनमध्ये निकाल लागला होता की बँड मेला. तो मेला आहे याची खात्री करून घ्यायला ती मंडळी पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर राहू लागली. आमंत्रणं आता वेगळी येत: मुंज, जत्रा, सप्ताहाची सांगता. भावजी सगळीकडे जायचे, पण कोणी कौतुक केलं की म्हणायचे, "हे तात्पुरतं आहे. तो परत आला की पूर्वीसारखं सुरू करू." बुवा हे ऐकत आणि गरम पाणी पीत.

आणि तो परत आला. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडतात. रिकाम्या खुर्च्यांसाठी गायक कोण ठेवतो. चवथ जवळ आली, शाळांना सुट्टी लागली, आणि एका सकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. ह्या वेळी बूट काढले नव्हते. पोदेर नुकताच पाव टाकून गेला होता, त्याने त्यातला एक उचलला आणि खाता खाता म्हणाला, "आलो बघ. चवथीनंतर सुरू करू. त्या मास्तराला आता शाळेत पाठव."

भावजींचा चेहरा उजळला. खोटं कशाला सांगू, तो उजळलाच. त्यांनी आतून गिटार आणली, तारा लावल्या आणि म्हणाले, "ते झोपेचं गाणं घे." त्याने डोळे मिटून सुरुवात केली. आवाज तोच होता, गोव्यात तसा दुसरा नव्हता. कडवं संपताना भावजींनी हात वर केला. तो गात राहिला. भावजी थांबले.

"इथे थोडा थांबशील?"

"कशाला?"

"मी वाजवतो तेव्हा."

"मी थांबलो तर लोक ऐकणार काय?" त्याने हे रागाने विचारलं नाही. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

भावजींनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. "चहा घेऊन जा," ते म्हणाले. "बुवा दहाच्या बसने येतात. आमची तालीम आहे."

तो चहा न घेता गेला. पुढे तो म्हापशाच्या त्या हुबेहूब मुलाला घेऊन स्वतःचा ग्रुप काढून बसला, आणि त्या ग्रुपमध्ये दोन गायक आणि आवाज एकच, अशी परिस्थिती बरीच वर्षं होती.

मामंजी आतल्या खोलीत दाढी करत होते. ओसरीवरचं सगळं त्यांना ऐकू आलं होतं, पण ते बाहेर आले नाहीत. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी तुमच्या आजोबांना हाक मारली आणि सांगितलं, "कामावर जाताना खाणीच्या कचेरीत डोकाव. त्या जागेवर दुसरा कोणी घ्या म्हणावं."